दर्यामाउलीच्या दारात

"मला एकदा तरी त्या देवळात न्या हो," असं मी आमच्या ह्यांना पत्रात प्रथम लिहिलं, तेव्हा आमच्या घरात वातीचा स्टोव्ह होता आणि हे बोटीवर होते. प्रत्यक्षात देऊळ पाहिलं ते गेल्या वर्षी फाल्गुनात. मध्ये चाळीस वर्षं गेली. मुलं झाली, मोठी झाली, त्यांचे संसार मांडून झाले, माझे गुडघे गेले. पण आपल्या बायकांच्या यात्रा अशाच असतात, नाही का? निघेल तेव्हा खरी.

देऊळ आहे मकावला. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर, हाँगकाँगच्या समोर, समुद्रात जीभ काढावी तसं हे चिमुकलं शहर आहे. आता तुम्ही म्हणाल, रत्नागिरीच्या बाईला चिनी देवीची ओढ कशी लागली? तर आमच्या भागात "बोटीवर आहे" एवढं म्हटलं की माणसाच्या नोकरीबद्दल पुढचं कुणी विचारत नाही. आळीत दोन-तीन घरं तरी अशी असायचीच. नऊ-दहा महिने पाणी आणि दोन-तीन महिने घर. हे इंजिनात तेलवाले म्हणून लागले, पुढे फिटर झाले. १९८१ साली आमचं लग्न झालं आणि पंचविसाव्या दिवशी हे साइन ऑन करायला मुंबईला गेले. तिथून पुढचा संसार पोस्टमनच्या भरवशावर.

१९८३ च्या नवरात्रात मला एक चित्राचं कार्ड आलं. लाल रंगाने मढलेलं दगडी दार, मागे हिरवी टेकडी, झाडांत लपलेली वळणदार छपरं. पाठीमागे ह्यांच्या अक्षरात चार ओळी : 'येथे समुद्राच्या देवीचे देऊळ आहे. नारळ मिळाला नाही म्हणून उदबत्ती लावली. हवा छान आहे. काळजी नसावी.' ते कार्ड मी देव्हाऱ्याखालच्या खणात, पोथ्यांच्या फडक्यात ठेवलं. घर बदललं, देव्हारा बदलला, कार्ड तसंच राहिलं. म्हणून आमचा मुलगा नोकरीनिमित्त हाँगकाँगला गेला आणि "आई, बाबा, या एकदा," असा लकडा त्याने लावला, तेव्हा मी एकच अट घातली. बाकी काय दाखवायचं ते दाखव, एक दिवस मकावला जायचं.

हाँगकाँगहून मकावला २०१८ पासून समुद्रावरून पूल झाला आहे. चांगला पंचावन्न किलोमीटरचा, वर धड पूल आणि मधे पाण्याखालून बोगदा. सूनबाई म्हणाली, बसने आरामात जा. पण ह्यांना पूल पसंत पडेना. "समुद्राच्या देवीकडे काय बसने जायचं?" म्हणून आम्ही फेरीने गेलो. साधारण तासाभराचा प्रवास. हे खिडकीला नाक लावून बसले होते. आठ वर्षांचं पोर बसेल तसे. बाहेर धुकं आणि पाणी मात्र गढूळ, आपल्या पावसाळ्यातल्या खाडीसारखं. तिथे पर्ल नदी समुद्राला मिळते, तिचा सगळा गाळ त्यात. "हे पाणी मी वास घेऊन ओळखेन," असं हे म्हणाले. मला तरी डिझेलशिवाय कसलाच वास आला नाही.

मकाव म्हटलं की लोकांना जुगाराचे महाल आठवतात. ते आम्ही बसमधून पाहिले आणि सोडून दिले. मला नवल वाटलं ते रस्त्यांच्या पाट्यांचं. निळ्या-पांढऱ्या फरशीवर वर चिनी अक्षरं आणि खाली पोर्तुगीज. थेट पणजीची आठवण! आणि का नसावी? पोर्तुगीज लोक इथे १५५७ च्या सुमारास वस्ती करून राहिले ते १९९९ पर्यंत. त्यातली पहिली जवळजवळ तीनशे वर्षं, म्हणजे १८४४ पर्यंत, मकावचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चालत होता. गोवा त्यांच्या हातून सुटला १९ डिसेंबरला, १९६१ साली. आणि मकाव सुटलं २० डिसेंबरला, १९९९ साली. तारखेत एका दिवसाचा फरक, मधे अडतीस वर्षं.

मकाव हे नावही देवीचंच आहे. गोष्ट अशी सांगतात की, पोर्तुगीज दर्यावर्दी देवळासमोर उतरले आणि "या जागेचं नाव काय?" म्हणून त्यांनी विचारलं. लोकांनी सांगितलं, आ-मा-गाव. म्हणजे आ-मा देवीची खाडी. त्याचं झालं मकाव. मुलाने हे सांगितल्यावर मला हसूच आलं. मा म्हणजे तिकडेही आईच, आणि त्यांच्या भाषेत 'गाव' म्हणजे खाडी. आम्हा कोकणातल्या माणसांचं गाव म्हणजे तरी दुसरं काय असतं?

देऊळ बारा टेकडीच्या पायथ्याशी आहे. पूर्वी पाणी थेट दाराशी होतं. आता भराव घालून पुढे रस्ता, चौक आणि सागरी संग्रहालय झालं आहे. चौकात काळ्या-पांढऱ्या दगडी तुकड्यांची फरशी घातली आहे, तीही लाटांच्या नक्षीची. समुद्र हटवला आणि त्याची रांगोळी काढून ठेवली, असं मला वाटलं. फरशी पाहायला छान, पण दमट हवेत निसरडी होते. जाणाऱ्यांनी सपाट तळाचे, घट्ट बूट घालावेत. माझ्या चपलेने दोनदा दगा दिला.

आपल्याला देऊळ म्हटलं की एक गाभारा, एक सभामंडप आणि वर कळस अपेक्षित असतो. इथे तसं नाही. डोंगराच्या उतारावर, मोठमोठ्या शिळांच्या मधून पायऱ्या वर चढत जातात आणि वाटेत एकेक लहान देवालय लागतं. खालचं प्रार्थनागृह १६०५ सालचं, ते १६२९ साली पुन्हा बांधलं. त्याच्या वरचं दुसरं देवालय तर १४८८ सालचं मानतात, म्हणजे पोर्तुगीज यायच्याही आधीचं. एकाच आवारात ताओ पंथाची ही समुद्रदेवी, बुद्ध आणि सगळ्यात वर गुआनयिन. ही गुआनयिन म्हणजे आपल्याकडून गेलेला अवलोकितेश्वर बोधिसत्त्व. इथून पुरुष म्हणून निघाला आणि चीनमध्ये शेकडो वर्षं राहता राहता करुणेची देवी झाला! सासरी जाऊन मुलगी बदलते हे आपण जाणतोच, पण हा बदल जरा मोठाच म्हणायचा. २००५ साली युनेस्कोने हे देऊळ आणि जुनं मकाव जागतिक वारशात घेतलं. २०१६ च्या फेब्रुवारीत, ऐन चिनी नववर्षात, देवळाच्या एका भागाला आग लागून बरंच नुकसान झालं होतं. ते दुरुस्त केलेलं आहे, मुद्दाम शोधल्याशिवाय दिसत नाही.

आत शिरल्याबरोबर डोळे चुरचुरायला लागतात. छताला उदबत्तीची मोठाली वेटोळी टांगलेली असतात, उलट्या धरलेल्या चक्रीच्या टोपलीसारखी. ती दिवसेंदिवस जळत राहतात. ज्याने लावली त्याच्या नावाचा लाल कागद खाली लोंबत असतो. अधूनमधून राखेचा तुकडा डोक्यावर पडतो, तो झटकू नये म्हणे, आशीर्वाद असतो. मी आपला ओला रुमाल डोळ्यांशी धरून उभी राहिले. रुमाल न्यायची सूचना सूनबाईची, ती मात्र लाखमोलाची.

एक बाई, असेल माझ्याच वयाची, बांबूच्या नळकांड्यातल्या काड्या गुडघ्यांवर बसून खळाखळा हलवत होती. हलवता हलवता एक काडी बाहेर पडते, तिच्यावरच्या आकड्यावरून कौल वाचतात. आपल्याकडे देवाला फुलं लावून कौल घेतात, तसंच. तिच्या काडीने चांगलं सांगितलं की वाईट, ते चेहऱ्यावरून कळेना. तिने काडी परत ठेवली, पिशवीतली संत्री देवीपुढे रचली, जरा वेळाने पुन्हा पिशवीत भरली आणि गेली. नैवेद्य दाखवून घरी न्यायची पद्धत सगळीकडे एकच!

देवीची मूर्ती फार मोठी नाही. अंगावर तांबडी वस्त्रं, डोक्यावर राणीचा मुकुट, कपाळावर मोत्यांच्या झालरी. चेहरा मात्र तरुण मुलीचा. ती होतीच तरुण. फूजिआन प्रांतातल्या मेइजोउ बेटावर, लिन नावाच्या घराण्यात, इसवी सन ९६० मध्ये ती जन्मली असं मानतात. जन्मल्यावर महिनाभर रडलीच नाही, म्हणून नाव ठेवलं मो, म्हणजे मुकी, गप्प राहणारी. ती लाल कपडे घालून किनाऱ्यावर उभी राही, म्हणजे धुक्यात होड्यांना किनारा कळावा. लग्न केलं नाही. ९८७ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षात गेली. आणि गंमत पाहा, संसार न केलेल्या या मुलीला सगळा किनारा आई म्हणतो, कुणी तर आजी म्हणतो. चीनच्या सम्राटांनी तिला पदव्या वाढवत वाढवत 'स्वर्गाची राणी' केलं, पण कोळ्यांच्या तोंडी मात्र माझू, आ-मा, अशी घरगुतीच हाक राहिली.

तिची एक गोष्ट मुलाने फोनवर वाचून दाखवली, ती मी इथे सांगते. वडील आणि भाऊ समुद्रावर गेलेले. ही घरात मागावर बसलेली. विणता विणता तिचे डोळे मिटले, देह तिथेच राहिला आणि जीव गेला वादळात. तिथे तिने दोन हातांत दोघांना धरलं आणि तिसऱ्याला दातांत. ओढत किनाऱ्याकडे आणते आहे, तोच इकडे आईने पाहिलं, पोर मागावर निपचित पडली आहे. घाबरली बिचारी. हलवलं, हाक मारली. आणि जन्मभर गप्प राहणाऱ्या त्या मुलीने आईच्या हाकेला ओ दिली. तोंड उघडलं, दातांतला सुटला. दोघे घरी आले, तिसरा आला नाही. तो तिसरा कोण, हे ठिकठिकाणी वेगळं सांगतात. कुणी थोरला भाऊ म्हणतात, कुणी वडीलच.

मुलाने पुढचं वाचायला घेतलं, पण माझं लक्ष उडालं. मला त्या देवीपेक्षा तिची आई दिसायला लागली. तिने काय चूक केली हो? लेकरू निपचित पडलेलं पाहून कुठली आई हाक मारणार नाही? तिला नंतर कुणी काय म्हणालं असेल? गोष्टीत तिचं नावसुद्धा नाही.

मुलगा आणि सूनबाई खाली थांबून फोटो काढत होती. खाली एका शिळेवर जुन्या गलबताचं रंगवलेलं कोरीव चित्र आहे, ते सगळेच टिपतात. आम्ही दोघं हळूहळू वर चढलो. गुआनयिनच्या देवालयाच्या खाली एका पायरीवर बसलो. समोर झाडांमधून खाडीचं पाणी दिसत होतं. तिथे हे एकाएकी म्हणाले, "मी इथंच बसून रडलो होतो तेव्हा."

माझा विश्वासच बसेना. माझ्या सासऱ्यांच्या वेळीसुद्धा ह्यांच्या डोळ्यांतून मी पाणी पाहिलं नव्हतं.

मग चाळीस वर्षांनी मला सगळं कळलं. १९८३ च्या सप्टेंबरात, आपल्याकडे ऐन गणपतीच्या तोंडावर, हाँगकाँगला एलेन नावाचं वादळ आलं होतं. तिकडे वादळाला नंबर देतात. सगळ्यात वरचा दहा, तो लागला होता. ह्यांची बोट बंदराबाहेर दोन्ही नांगर टाकून उभी. नांगरांवर ताण येऊ नये म्हणून इंजिन पुढे चालू ठेवलेलं, तरी बोट मागे मागे सरकत होती. हे चौदा तास खाली. वर काय चाललं आहे ते दिसत नाही, नुसती हुकमाची घंटा ऐकायची आणि काम करायचं. एकदा तर दिवेसुद्धा गेले. त्या रात्री कित्येक बोटी नांगरांसकट वाहून किनाऱ्याला लागल्या. ह्यांची वाचली. पुढे दुरुस्तीसाठी बोट थांबली, तेव्हा बोटीवरचा गोवेकर कुक ह्यांना घेऊन इथे आला. म्हणाला, चल, दर्यावरच्या आईला हात जोडून येऊ.

"आणि मला लिहिलंत, हवा छान आहे?"

"लिहिलं त्या दिवशी छानच होती," हे म्हणाले.

मला हसावं की रडावं ते कळेना. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं. मी ठरवून बोलले नाही. "तुमचं ते कार्ड आलं ना, तेव्हा मी अंथरुणावर होते."

"ताप होता?"

"नाही. चौथा महिना होता."

हे जूनअखेर बोटीवर गेले होते. दिवस राहिल्याचं मी कळवलं नव्हतं. पाचवा लागल्याशिवाय लिहू नकोस, असं सासूबाई म्हणाल्या होत्या. घट बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं संपलं. मी तार करा म्हणून रडत होते. सासूबाई माझ्या उशाशी बसल्या, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "दर्यावरच्या माणसाच्या कानावर असलं घालू नये गं. त्याचा हात सुटतो." पुढच्या वर्षी हे घरी आले तेव्हा "आता कशाला," असं झालं. मग १९८५ ला मुलगा झाला. मग बोलायचं राहूनच गेलं. सासूबाई २००४ साली गेल्या, त्यांनीही पुन्हा कधी विषय काढला नाही. मी त्यांना दोष देत नाही. महिनाभर त्यांनी मला पाण्याची कळशी उचलू दिली नाही, स्वतःच्या हाताने अळिवाची खीर करून पाजली. त्यांचा नवराही बोटीवरच होता.

हे बराच वेळ काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला. मग विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"मी विचारलं नाही," मी म्हटलं.

ते उठले आणि पायऱ्या उतरून खाली गेले. मला वाटलं रागावले. थोड्या वेळाने तीन उदबत्त्या घेऊन धापा टाकत वर आले. तिकडे तीन उदबत्त्या दोन्ही हातांत धरून कपाळाला लावतात आणि तीनदा वाकून राखेच्या पात्रात खोचतात. त्यांनी एक मला दिली, एक स्वतः धरली. तिसरी आम्ही दोघांनी मिळून खोचली. वाकताना माझ्या गुडघ्याने कुरकुर केली, तेव्हा ह्यांनी कोपराला धरलं.

खाली आल्यावर सूनबाई म्हणाली, "आई, डोळे किती लाल झालेत!" मी म्हटलं, धूर केवढा आहे ना.

देवळापासून जवळच, चढावाच्या रस्त्यावर, एक पिवळी-पांढरी कमानींची लांबलचक इमारत आहे. जाणाऱ्यांनी ती चुकवू नये. १८७४ साली ती बांधली कुणासाठी, तर गोव्याहून आणलेल्या हिंदी शिपायांच्या पलटणीसाठी! मकावच्या पोलिसांना मदत म्हणून त्यांना आणलं होतं. पोर्तुगीज त्यांना 'मूर' म्हणत, म्हणून इमारतीचं नाव मूरांची बराक. आज तिथे बंदर खात्याची कचेरी आहे. मी त्या ओवऱ्यांकडे पाहत राहिले. त्यांच्या घरच्या बायका गोव्यात पत्राची वाट पाहत असतील, वाचता येत नसेल तर कुणाकडून वाचून घेत असतील. हवा छान आहे, काळजी नसावी.

आता थोडं खाण्याविषयी, नाहीतर मैत्रिणी रागावतील. शाकाहारी माणसाची तिथे पंचाईतच होते, अंड्याच्या गोड वाट्या चालत असतील तर मात्र पोट भरतं. गरम गरम, वर करपलेले डाग असलेल्या त्या वाट्या मी दोन खाल्ल्या. मकावच्या मिश्र घराण्यांचं जेवण पाहिलं तर हळद, नारळाचं दूध, मिरची हे सगळं आहे. बेबिंका आहे, पण आपल्या गोव्यासारखी थरांची नाही, दुधाची मऊ वडी असते तशी. आणि बलिशांव! गोव्यातलं बलचांव म्हणजे सुंगटं घालून केलेलं आंबट-तिखट लोणचंच. मकावचं बलिशांव म्हणजे बारीक कोळंबी मिठात मुरवून केलेली चटणी. नाव तेच, डबा वेगळा. एक बाटली आणायचा माझा विचार होता, पण ह्यांनी विमानात फुटली तर काय, म्हणून मोडता घातला.

परतताना फेरीच्या धक्क्यावर हे म्हणाले, "चाळीस वर्षं! एकदा सांगायचं होतंस." मीही ऐकून घेतलं नाही. "तुम्ही तरी सांगितलंत?" म्हटलं. मुलगा मागे वळून बघायला लागला, तेव्हा दोघंही गप्प बसलो. मग हे उठून दुकानात गेले आणि चित्राचं कार्ड शोधायला लागले. आता कोण घेतं चित्राची कार्डं! तरी एक मिळालं. तेच लाल दार, तीच टेकडी, झाडं मात्र वाढलेली. तिथेच उभ्याने त्यांनी मागे काहीतरी लिहिलं, माझं नाव आणि घरचा पत्ता घातला, तिकीट लावलं आणि पेटीत टाकलं. मला वाचू दिलं नाही.

आम्ही घरी पोचल्यावर सतराव्या दिवशी कार्ड आलं. हवेचा त्यात उल्लेख नाही. बाकी काय आहे ते मी सांगणार नाही. पोथ्यांच्या फडक्यात ठेवून दिलं आहे, पहिल्या कार्डाच्या खाली.